संगणकाला फ्रीजर जोडला तर?

उन्हाळा सुरू झाला की संगणकवेड्या मंडळींच्या डोक्यात एक कल्पना हमखास उगवते. वॉटर कूलिंग तर आहेच... मग त्या पाण्याची नळी एका छोट्या फ्रीजरमधून फिरवून आणली तर? जुन्या बाजारात मिनी फ्रीज स्वस्तात मिळतो. दाराला दोन भोकं पाडायची, आत पाण्याची टाकी ठेवायची, एक पंप लावायचा, की झालं! बाहेर ४० अंश असोत की ४२, आपला प्रोसेसर मात्र काश्मीरमध्ये.

कल्पना वेडगळ वाटते, पण तिचं खानदान मोठं आहे बरं का. साठ वर्षांपूर्वी जगातला सर्वांत वेगवान संगणक बनवणाऱ्या माणसाने जवळपास हेच केलं होतं, आणि त्यासाठी चक्क फ्रीज-फ्रीजर बनवणाऱ्या कंपनीतला इंजिनिअर धरून आणला होता. ती गोष्ट सांगतोच. पण आधी थोडा हिशोब, म्हणजे पुढची गंमत नीट कळेल.

हमालाची ताकद किती?

फ्रीज थंडी 'तयार' करतो हा आपला गोड गैरसमज. फ्रीज फक्त हमाली करतो. आतली उष्णता उचलायची आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकायची. (म्हणूनच फ्रीजच्या मागे हात लावला की गरम लागतं.) तेव्हा विचारायचा प्रश्न 'फ्रीजर किती थंड होतो?' हा नाही. 'हमाल सेकंदाला किती ओझं उचलतो?' हा आहे.

छोट्या घरगुती फ्रीजरचा हमाल तसा अशक्तच. ढोबळमानाने १०० वॅटच्या आसपास उष्णता तो सतत बाहेर काढू शकतो, तेही कॉम्प्रेसर अजिबात न थांबता चालला तर. आणि घरगुती कॉम्प्रेसर असा अखंड चालण्यासाठी बनवलेलाच नसतो. थोडं चालायचं, थोडं थांबायचं, हा त्याचा स्वभाव. फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी स्वतःहून गरम होत नाही ना! एकदा थंड केली की भिंतीतून झिरपणारी उष्णता तेवढी काढत राहायची. संगणकाचं तसं नाही. गेम खेळताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून सहज ३०० वॅट ओकतात. म्हणजे फ्रीजमध्ये चालू शेगडी ठेवून वर दार लावण्यासारखं झालं.

समजा आत २० लिटर पाणी रात्रभर ठेवून ५ अंशांवर आणलं. सकाळी गेम सुरू केला. दर सेकंदाला ३०० ज्यूल येतात, १०० जातात, २०० साठतात. पाणी २५ अंशांवर यायला किती वेळ? २० किलो गुणिले ४१८६ गुणिले २० अंश, भागिले २००. उत्तर सुमारे ८४०० सेकंद, म्हणजे दोन तास वीस मिनिटं. त्यानंतर तुमच्याकडे फ्रीज नाही, कोमट पाण्याचं पिंप आहे. साधा पंखा लावलेला रेडिएटर यापेक्षा जास्त उष्णता आयुष्यभर फेकत राहिला असता, आणि विजेचं बिलही कमी आलं असतं.

दुसरी अडचण दवाची. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे मुंबईचा अगदी सभ्य पावसाळी दिवस. अशा हवेत दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही नळीला घाम फुटणार, थंड पाण्याच्या बाटलीला फुटतो तसाच. फक्त इथे तो घाम मदरबोर्डवर ठिबकणार. विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यात एक वेळ चालेल, दादरला जुलैमध्ये नाही.

थोडक्यात, उत्तर 'नको' असं आहे. मग जगातल्या भल्याभल्या इंजिनिअरांनी फ्रीज का जोडले?

फ्रीजरवाला इंजिनिअर

संगणक गरम होतो हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये जवळपास १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज खायचा. तिथे उपाय सोपा होता, मोठमोठे पंखे. खोलीएवढं यंत्र, भरपूर मोकळी जागा, हवा खेळती.

मग ट्रान्झिस्टर आला. ट्रान्झिस्टर थंड, मग प्रश्न मिटायला हवा होता. तो मिटला नाही, कारण सेमूर क्रे नावाच्या माणसाला घाई होती. तारेतून जाणारा सिग्नल एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त ३० सेंटिमीटर जाऊ शकतो. प्रकाशाचा वेगच तेवढा, त्यापुढे कुणाचं काय चालणार? मग यंत्र वेगवान करायचं तर तारा आखूड हव्यात, तारा आखूड हव्यात तर सुटे भाग एकमेकांना खेटून बसवायला हवेत. आणि खेटून बसवले की मधून हवा जायला जागाच उरत नाही. मुंबई लोकलच्या डब्यात संध्याकाळी सहाला पंखा असून काय उपयोग, तसंच.

क्रे तेव्हा कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन, अर्थात सीडीसीमध्ये होता. विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्स या आपल्या गावी छोटीशी प्रयोगशाळा थाटून तो सीडीसी ६६०० बनवत होता. उष्णतेचा प्रश्न सोडवायला त्यांनी डीन राउश या इंजिनिअरला घेतलं. हा आधी अमाना कंपनीत होता. अमाना म्हणजे अमेरिकेतली घरगुती फ्रीज आणि फ्रीजर बनवणारी कंपनी! संगणकाशी सुतराम संबंध नाही. पण क्रेला संगणकवाला नकोच होता, उष्णता कशी वाहून न्यायची हे जाणणारा माणूस हवा होता.

६६००चं कपाट वरून पाहिलं तर अधिकच्या चिन्हासारखं दिसायचं. चार हात, आणि प्रत्येक हाताच्या टोकाला शीतकरणाचा स्वतंत्र संच. आत फ्रीऑन फिरायचा (आपला फ्रीजवाला 'गॅस संपलाय' म्हणतो ना, त्याच जातीतला), आणि तो आपली उष्णता बाहेरून येणाऱ्या थंड पाण्याला द्यायचा. १९६४ साली आलेला हा संगणक पुढची जवळपास पाच वर्षं जगातला सर्वांत वेगवान होता. आयबीएमचे सर्वेसर्वा थॉमस वॉटसन ज्युनिअर यांनी १९६३च्या ऑगस्टमध्ये आपल्या लोकांना एक जळजळीत मेमो लिहिला होता. झाडूवाल्यासकट फक्त ३४ माणसांची प्रयोगशाळा आपल्यासारख्या अवाढव्य कंपनीला मागे टाकते कशी, असा त्याचा सूर. त्या मूठभर माणसांच्या यशात एका फ्रीजवाल्याचा वाटा होता हे मला फार आवडतं.

जाता जाता, याच सीडीसीचा एक थोरला संगणक १९६४ मध्येच मुंबईत आला होता. कुलाब्याच्या टीआयएफआरमधला सीडीसी ३६००. तो ६६०० नव्हे, पण कंपनी तीच.

बाक, बुडबुडे आणि द्रवरूप नायट्रोजन

पुढे क्रेने स्वतःची कंपनी काढली आणि राउशही तिथे आला. १९७६ मध्ये क्रे-१ लॉस अलामोसला पोचला. इंग्रजी 'सी' अक्षरासारखा आकार, भोवती सोफ्यासारखा गोल बाक. तो बाक शोभेचा नव्हता, त्याखाली वीजपुरवठ्याची यंत्रणा होती. प्रत्येक दोन सर्किट बोर्डांच्या मध्ये तांब्याचा पत्रा, त्या पत्र्याची कड ॲल्युमिनियमच्या उभ्या दांडीला टेकलेली, आणि त्या दांडीच्या पोटातून फ्रीऑनची नळी. यंत्राचं वजन साडेपाच टन, वीज सुमारे ११५ किलोवॅट. आपल्या घरातल्या दीड टनाच्या एसीच्या भाषेत सांगायचं तर बावीस एसी लागतील एवढी उष्णता.

आणि यात सर्वांत जास्त छळलं ते कशाने? गळतीने. सुरुवातीला सांधे झिरपायचे, फ्रीऑनबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर यायचं आणि बोर्डांवर थर धरून शॉर्ट सर्किट करायचं. शेवटी ॲल्युमिनियमच्या आत स्टेनलेस स्टीलची नळी घालून प्रश्न सुटला. जगातला सर्वांत वेगवान संगणक तयार होता, आणि अडलं होतं प्लंबिंगवर!

१९८५च्या क्रे-२ मध्ये तर पत्रे-दांड्याही गेल्या. सगळे बोर्ड थेट फ्लुओरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून टाकले. यंत्राला लाडाचं नाव पडलं 'बबल्स', म्हणजे बुडबुडे. शेजारच्या पारदर्शक टाकीतून तो द्रव धबधब्यासारखा पडताना दिसायचा. लोक संगणक बघायला यायचे की मत्स्यालय, कळायचं नाही. (हा द्रव बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२२च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं की निसर्गात न विरघळणारी असली फ्लुओरिनयुक्त रसायनं बनवणं २०२५ अखेर थांबवू. फ्रीऑनचीही तीच कथा, ओझोनसाठीचा माँट्रियल करार १९८७चा. थंडीची बिलं कधी कधी फार उशिरा येतात.)

पण वेडाचा कळस गाठला ईटीए-१०ने. सीडीसीतून फुटून निघालेल्या ईटीए सिस्टिम्सने १९८७ मध्ये हा संगणक आणला. त्याचे प्रोसेसर बोर्ड द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर! कारणही भक्कम होतं. सीमॉस जातीची चिप इतक्या थंडीत साधारण दुप्पट वेगाने चालते. हीच रचना ते साध्या हवेवर थंड होणाऱ्या स्वस्त मॉडेलमध्येही विकायचे, अर्ध्याहून कमी वेगात. म्हणजे ग्राहकाला वेग विकत मिळत होता तो चक्क थंडीच्या भावाने. १९८९च्या एप्रिलमध्ये सीडीसीने ती कंपनी बंद केली.

दिल्लीतला क्रे आणि पुण्यातला परम

इथे आपला प्रवेश होतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी भारताला हवामानाच्या अंदाजासाठी क्रे हवा होता. मागितला होता एक्स-एमपी/२४, अमेरिकेने दिला त्याहून लहान एक्स-एमपी/१४. तो दिल्लीत बसला. तोही क्रे-१च्याच वळणाचा, फ्रीऑनवर चालणारा.

दुसरीकडे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. यात एकच अतिवेगवान, अतिगरम प्रोसेसर नव्हता. इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे साधे प्रोसेसर बरेचसे एकत्र जोडून काम वाटून दिलं होतं. हा निर्णय उष्णतेमुळे घेतला असं मी म्हणणार नाही. जे मिळू शकतं त्यातून उभं करायचं होतं, हे खरं कारण. पण उष्णतेच्या बाजूने पाहिलं तर इथे दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक, एकच पैलवान घ्यायचा, त्याला पळवायचा आणि अंगावर बर्फ ओतत राहायचं. दुसरी, ओझं शंभर जणांत वाटायचं, म्हणजे कुणालाच फारसा घाम येत नाही.

आयबीएमची कथा या दोन वाटांच्या मधली. १९८० मध्ये जाहीर झालेल्या ३०८१ मेनफ्रेममध्ये त्यांनी एक अफलातून डबी बनवली होती. ९० मिलिमीटरच्या चौकोनी सिरॅमिकवर शंभराहून जास्त चिप, प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा दट्ट्या, मोकळ्या जागेत हेलियम आणि वर थंड पाणी. पण आतल्या चिप बायपोलर जातीच्या, म्हणजे काम असो वा नसो वीज खाणाऱ्या. १९९४ मध्ये आयबीएमने सीमॉसवर उडी मारली आणि पाण्याचे पाईप निघाले. चिप सुरुवातीला हळू होत्या, पण गार होत्या.

किती वर्षं टिकलं हे सुख? तीन! १९९७च्या एस/३९० जी-४ मेनफ्रेममध्ये वेग वाढवण्यासाठी आयबीएमने चक्क रेफ्रिजरेटर बसवला. एक बिघडला तर बंद पडायला नको म्हणून दोन. बँकेच्या कपाटाएवढ्या यंत्रात आपल्या घरातल्या फ्रीजचं तंत्र, थेट प्रोसेसरला चिकटवलेलं. ते मात्र नीट चाललं, कारण फ्रीज प्रोसेसरच्या उष्णतेच्या मापाने शिवला होता. जुन्या बाजारातून उचलून आणला नव्हता.

फ्रीज घरी येतो

हेच खूळ मग घरगुती संगणकात शिरलं. अमेरिकेतल्या क्रायोटेकने २००० सालच्या सुरुवातीला 'सुपर जी' नावाचा संगणक विकायला काढला. आत एएमडीचा ८०० मेगाहर्ट्झचा ॲथलॉन, खाली कॉम्प्रेसर, प्रोसेसर उणे ४० अंशांवर, आणि वेग १ गिगाहर्ट्झ. तेव्हा एक गिगाहर्ट्झ म्हणजे केवढं अप्रूप! पण त्याच वर्षी ६ मार्चला एएमडीने आणि दोन दिवसांनी इंटेलने १ गिगाहर्ट्झचे प्रोसेसर जाहीर केले, साध्या पंख्यावर चालणारे. एवढा फ्रीज लावून ग्राहकाने काय मिळवलं? जेमतेम दोन महिन्यांची आघाडी.

मला वाटतं, संगणक गार करण्याच्या या सगळ्या इतिहासाचं सार त्या दोन महिन्यांत आहे. थंडीने वेळ विकत मिळतो, पण तो उसना. तोवर कुणीतरी चांगला ट्रान्झिस्टर बनवतो आणि फ्रीज भंगारात जातो.

पण मग एक दिवस चांगला ट्रान्झिस्टर यायचाच थांबला. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केलं तर दर चौरस मिलिमीटरची उष्णता वाढत नाही. तीस वर्षं उद्योग याच वरदानावर जगला. २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेलसिंगर यांनी इशारा दिला की असंच चाललं तर चिपची उष्णता अणुभट्टी, रॉकेटचं नळकांडं असं करत सूर्याच्या पृष्ठभागाशी स्पर्धा करेल. २००४ मध्ये तसंच झालं, म्हणजे सूर्य नाही उगवला, पण इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणि त्याचा पुढचा टेजस हे दोन्ही रद्द केले. व्होल्टेज आणखी कमी करता येईना. २००५ पासून एका चिपमध्ये दोन गाभे, मग चार, मग आठ. सगळं जग वाटून घेण्याच्या वाटेवर आलं.

तरी जुनं वेड जात नाही हो. २०१८च्या जूनमध्ये तैपेईच्या प्रदर्शनात इंटेलने २८ गाभ्यांचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर पळवून दाखवला. टाळ्यांचा कडकडाट! मग पत्रकारांना टेबलाखाली जाणाऱ्या जाड नळ्या दिसल्या, आणि नळ्यांच्या दुसऱ्या टोकाला एक हॉर्सपॉवरचा, मत्स्यालयांसाठी विकला जाणारा वॉटर चिलर. हा वेग ओव्हरक्लॉकिंगचा होता हे सांगायचं राहून गेलं, असा खुलासा नंतर कंपनीने केला. म्हणजे पाण्याच्या नळीला फ्रीज जोडायची आपली कल्पना जगातल्या बलाढ्य चिप कंपनीनेही वापरली होती, फक्त टेबलक्लॉथखाली लपवून. :)

आता गरम पाणी

आता वाटून घेण्याचीही हद्द झाली आहे. २०२४ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलेल्या जीबी२०० जातीच्या एका रॅकमध्ये ७२ ग्राफिक्स प्रोसेसर असतात आणि तो एकटा सुमारे १२० किलोवॅट ओढतो. वरचा आकडा आठवा. अख्ख्या क्रे-१ची वीज ११५ किलोवॅट होती! पन्नास वर्षांपूर्वी जगात मोजके क्रे होते, आज असे रॅक रांगांनी उभे राहतात. ही १२० किलोवॅट उष्णता फक्त पाण्याची वाफ करून उडवायची म्हटली तर तासाला साधारण १८० लिटर पाणी लागेल. एका रॅकला. नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहताहेत, तिथे हा हिशोब कागदावरचा राहत नाही. आपण घरबसल्या मॉडेलला एक प्रश्न विचारतो, उष्णता दुसऱ्याच्या गावात निघते आणि पाणी दुसऱ्याच्या धरणातलं जातं.

यावरचं उत्तर साठ वर्षांच्या इतिहासाच्या बरोब्बर उलटं आहे. पाणी थंड करूच नका! सिलिकॉनला ६०-७० अंश सहज सोसतात, मग त्याला १० अंशांचं पाणी कशाला हवं? नळी चिपच्या अगदी जवळ न्या आणि कोमट पाणी सोडा. म्युनिकजवळच्या गार्शिंगमधला सुपरम्युक २०१२ पासून सुमारे ४० अंशांच्या पाण्यावर चालला, आणि बाहेर आलेल्या पाण्यावर इमारती उबवल्या गेल्या. पुण्यात आयसरमध्ये २०१९ मध्ये बसलेल्या परम ब्रह्मातही पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेलं आहे. २०२६च्या जानेवारीत एनव्हिडियाने सांगितलं की त्यांची पुढची यंत्रणा ४५ अंशांच्या पाण्यावर चालेल, चिलरची गरज नाही, आणि त्यानंतर चिलर बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घसरले. ४५ अंशांचं पाणी आपल्या मे महिन्यातल्या हवेपेक्षाही बहुतेक ठिकाणी गरमच असतं. म्हणजे ते गार करायला कॉम्प्रेसर नको, वाफ नको, मोठा रेडिएटर आणि पंखे पुरतात.

तेव्हा कुणी मिनी फ्रीज आणि ड्रिल मशीन घेऊन तुमच्याकडे आलाच, तर हसू नका. त्याला म्हणावं, बाबा रे, तू एकटा नाहीस, तुझ्या आधी डीन राउश होऊन गेला. पण राउशने आधी उष्णता मोजली आणि मग फ्रीज बनवला. आपला गडी फ्रीज आधी आणतो. त्याला एक मोठा रेडिएटर, दोन चांगले पंखे आणि धूळ पुसायला ब्रश घेऊन द्या. फ्रीजमध्ये कैरीचं पन्हं ठेवा.